सुई लागली ते सांगायचं राहिलं

मॅडम, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. आता विभागात तुमच्या खोलीत मी बसते, आणि तुम्ही सुरू केलेलं काम माझ्याकडे आहे. दर वर्षी चार-पाच विद्यार्थी निवडायचे आणि आफ्रिकेतल्या त्या जिल्हा रुग्णालयात सहा आठवडे शिकायला पाठवायचे. तिथे यंत्रं कमी, म्हणून मुलं डोळे-कान वापरायला शिकतात, असं तुम्ही म्हणायचात. मीही बडोद्यातल्या या मुलांना तेच सांगते, आणि ती विमानात बसली की परत येईपर्यंत मी रात्री फोन उशाशी ठेवूनच झोपते.

मागच्या वर्षी गेलेल्यांत एक मुलगी होती. वडील नंदेसरीच्या कारखान्यात ऑपरेटर, घरातून परदेशी जाणारी ती पहिलीच. सकाळी ओपीडीत मी पेशंट बघत असताना तिचा फोन आला. घरी मराठी असूनही माझ्याशी कायम गुजरातीत बोलणारी ती, त्या दिवशी मराठीत म्हणाली, "मॅडम, मला सुई लागली." रक्त घेताना पेशंटने हात ओढला होता, आणि पेशंटला एचआयव्ही होता. "कधी?" मी विचारलं. "काल सकाळी." "कोणाला सांगितलंस?" "कोणालाच नाही. परत पाठवतील ना." संसर्ग टाळणारं औषध जितक्या लवकर तितकं बरं, तीन दिवस उलटले की त्याचा उपयोग नाही, हे तिला पाठ होतं. मी म्हटलं, "फोन ठेवू नकोस. अशीच चालत सिस्टरकडे जा आणि फोन तिच्या हातात दे." तिच्या चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. समोर बसलेले म्हातारे काका म्हणाले, "बेन, पाणी पीओ."

सिस्टरने तासाभरात गोळ्या सुरू केल्या. महिनाभर घ्यायच्या होत्या आणि त्यांनी तिला रोज उलट्या होत. घरी सांगू नका, असं तिने मला विनवलं होतं. आठवड्याने तिच्या आईचा फोन आला, "नीट जेवते ना हो ती?" मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि तुमची आठवण आली, कारण इतक्या सहजपणे हो म्हणायला मी तुमच्याच समोर शिकले होते.

तुम्ही पाठवलेली पहिली विद्यार्थिनी मी. निघताना तुम्ही हातमोज्यांचा एक डबा माझ्या पिशवीत घातलात, म्हणालात, "तिथे पुरत नाहीत, जपून वापर." चौथ्या आठवड्यात फार उकडत होतं, म्हणून मी मोजे न घालताच रक्त घेतलं आणि सुई अंगठ्यात गेली. पेशंटची एचआयव्हीची तपासणी झाली होती का, हे मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर मोज्यांचं कळलं असतं. त्याआधी बडोद्याजवळच्या पादरा गावच्या आरोग्य केंद्रात, एका बाईचं बोलणं न समजताच मी मान डोलावली, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "समजलं नाही तर तसं सांग. डॉक्टरने खोटी मान डोलावली की पेशंट मरतो." तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नव्हता.

परत आल्यावर मी तुमच्या बडोद्यातल्याच अकोटा भागातल्या घरी आले. तुम्ही आमटीला फोडणी देताय. विळी माझ्याकडे सरकवून म्हणताय, "एवढी काकडी चिर गं." माझी नजर विळीच्या पात्यावर, बोट कापलं आणि रक्त तुमच्या ताटात पडलं तर? मी म्हणते, हात दुखतोय. तुम्ही स्वतः काकडी चिरायला बसता आणि विचारता, "सगळं नीट पार पडलं ना?" मी हो म्हणते. त्या एका शब्दावर तुम्ही पुढच्या वर्षी तीन जणांना पाठवलंत. तीन महिन्यांनी मी सुरतेला जाऊन, नाव बदलून तपासणी करून घेतली. काही निघालं नाही. पण ते तीन महिने मी आईच्या शेजारी झोपायलाही घाबरत होते.

त्या मुलीचेही परत आल्यावरचे दोन्ही रिपोर्ट चांगले आले. शेवटचा हातात पडल्यावर तिने घरी स्वतःच सगळं सांगितलं. गेल्या सोमवारी नव्या तुकडीला जाण्याआधीच्या सूचना द्यायच्या होत्या, तेव्हा ती आपण होऊन आली आणि तिने उभं राहून आपली गोष्ट सांगितली, तो लपवलेला दिवससुद्धा. मग मी उठले. म्हणाले, "माझ्या एका मैत्रिणीलाही तिथे सुई लागली होती. तिने कोणालाच सांगितलं नाही." एकाने विचारलं, "मग तिचं काय झालं?" मी म्हणाले, "ठीक आहे ती." ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं, मॅडम. अशी कोणी मैत्रीण नव्हती, एवढं निदान तिला सांगता आलं असतं. वर्ग सुटल्यावर ती दाराशी माझ्यासाठी थांबली होती. मी मागच्या जिन्याने उतरून घरी गेले.