केवड्याखालची मरळ

बाबलीचे बाबा,

निजलात म्हणून उठवत नाही. बाबलीचा निकाल तीनला आहे, तिला घेऊन शाळेत जातेय. चहा चुलीच्या वैलावर आहे. न्हाणीतल्या घंगाळावर पाट आणि पाटावर वरवंटा ठेवलाय, तो काढू नका. आत तुमची मरळ आहे, अजून जिवंत. मघाशी उडी मारून पार खळ्यात गेली होती.

तुमची गरी न विचारता नेली, रागावू नका. वैशाखात व्हाळ आटतो, कोंडीतलं पाणी तापतं, आणि मरळ श्वास घ्यायला सारखी वर येते. रोज दुपारी कपडे धुताना बघते ना मी! केवड्याच्या मुळाशी, एकाच जागी. आज दुपारी पाण्यावर सावली पडू न देता बसले आणि गरीला जिवंत बेडूक लावून सोडला. तुम्ही सकाळी जाता, वर रेडिओवर बातम्या लावता, मग ती कशाला येतेय? "आज नाय गावली" म्हणत परत येता आणि दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडता.

गिरणी बंद पडून घरी आल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच कट्ट्याच्या बाजारात छाती ठोकून काही बोललात, की पावसाआधी ही मरळ मीच धरणार. तेव्हा तुम्हीच धरली म्हणा. घंगाळ पडवीत आणा, चार माणसं बघून जाऊ देत. मी तोंड उघडणार नाही.

फक्त सकाळी धरली म्हणून सांगा. दुपारी मरळ लागत नाही, असं तुम्हीच सगळ्यांना शिकवून ठेवलंय.

शेवंती