कागद जातो कुठे?

५ जानेवारी, सोमवार

कागदाची पेटी परत रिकामी. शनिवारी शाळा सुटताना मी स्वतः हाताने दाबून बघितली होती — झाकण लागत नव्हतं. आज घंटेला वर्गात आले तर तळाशी चार चिटोरे. रविवारी कागदाला पाय फुटले की काय?

चौथीच्या वर्गात मी तीन पेट्या ठेवल्यात. ओला कचरा, सुका कचरा, कागद. शाळा सुरू झाल्यापासून एकच गोष्ट मुलांच्या डोक्यात भरवतेय — टाकून द्यायच्या आधी विचार करा, याचं अजून काय होईल? आता तीच एकमेकांना पकडतात. 'ए, केळ्याचं साल सुक्यात नाही टाकायचं.' कचऱ्याची गाडी बुधवारी येते. त्याच्या आधी कागद जातो, म्हणजे कुणीतरी नेतं.

वर्गाची किल्ली दोघांकडे. एक माझ्याकडे. दुसरी शिपाईमामांकडे, सकाळी दार तेच उघडतात.

नाव घेत नाही अजून.

६ जानेवारी, मंगळवार

यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "रद्दी चोरायला कोण येतंय? तुला ना, झोपेतसुद्धा चोर दिसतात." हसण्यावारी नेलं.

पण मामा आज जिन्यात मला बघून बाजूला झाले. एरवी 'काय बाई, बरं आहे ना' असं विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. चोराच्या मनात चांदणं!

८ जानेवारी, गुरुवार

मुलंही काहीतरी लपवतायत. मधल्या सुट्टीत मी वर्गात शिरले आणि घोळका गप्प. मधोमध चष्मिष. पहिल्या बाकावरची, अख्ख्या वर्गाची आजीबाई.

"काय चाललंय गं?"

"काही नाही, बाई."

माझ्या वर्गात 'काही नाही' म्हणजे नक्की काहीतरी. मामांनी मुलांना काही पढवून ठेवलंय का?

९ जानेवारी, शुक्रवार

मामांना सरळ विचारलं. फरशी पुसत होते.

"मामा, पेटीतला कागद जातो कुठे?"

फडकं पिळलं. बादलीकडे बघत म्हणाले, "माझ्यावर भरवसा नसेल तर किल्ली घ्या, बाई."

'मी नेत नाही' म्हणाले नाहीत. एवढं म्हणायला काय जात होतं?

किल्ली घेतली.

१२ जानेवारी, सोमवार

पेटी काठोकाठ. एक चिटोरा हललेला नाही. आणखी काय पुरावा हवा?

मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं आहेत हो ते. जरा सबुरीनं घ्या." घेते सबुरीनं. चेहरे मात्र मुलांचे पडलेत. ते का?

१४ जानेवारी, बुधवार

आज मुद्दाम गाडीसाठी थांबले. भरलेली पेटी आपल्या हाताने द्यायची होती.

गाडीवाल्याने कागदाची पेटी गाडीत उलटी केली. मग सुक्याची. मग ओल्याची — त्याच कागदावर. वरून लोखंडी फळी आली आणि सगळ्याचा एकच लगदा झाला.

"अहो, आम्ही वेगवेगळं करून दिलंय."

"गाडीला पोट एकच, बाई," तो म्हणाला. उर्मट नव्हता. दमलेला होता.

माझी मुलं दुधाच्या पिशव्या घरी धुऊन, वाळवून आणतात. एक जण तर आईने एका बाजूने कोरा असलेला कागद फेकला म्हणून तिच्यावर रुसला होता. त्यांना काय सांगू? नाहीच सांगणार.

आणि मामा! पेट्या गाडीपर्यंत तेच नेतात. त्यांना हे माहीत असणारच. वाया जायचंच आहे तर आपण घेऊ, असा हिशोब. आता सगळं जुळलं.

१५ जानेवारी, गुरुवार

वर्गात म्हटलं, "तुम्ही जमवलेला कागद कारखान्यात जातो. त्याच्या नव्या वह्या होतात."

आवाज नीट निघाला. पण कुणी हात वर केला नाही. एरवी प्रश्नांनी भंडावून सोडतात. चष्मिष माझ्याकडे बघत राहिली — तापाने फणफणलेल्या माणसाकडे आपण बघतो ना, तशी. या पोरीला काही कळलंय की काय?

१६ जानेवारी, शुक्रवार

पकडलं!

आज लवकर पोचले. वर्गाच्या मागच्या बाजूला चष्मिष आणि दोन-तीन मुलं, हातात रिकाम्या पिशव्या. मामा खिडकीच्या गजांतून हात घालून पेटीतले कागद काढत होते आणि पिशव्यांत भरत होते. म्हणजे माल वाहायला माझीच मुलं! चौथीतली!

चष्मिष काही बोलणार, तेवढ्यात मामांनी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. ती गप्प. मला म्हणाले, "पोरांना बोलू नका, बाई. चूक माझी." बस्स.

तशीच मोठ्या बाईंकडे गेले. मुलांना यात ओढलं हे ऐकल्यावर त्याही कडक झाल्या. दुपारी मामांना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. त्यांनी टोपी घातली, सायकल काढली, गेले.

बरोबर केलं मी. केलं ना?

१९ जानेवारी, सोमवार

चष्मिष टेबलापाशी आली. "बाई, गाडी सगळं एकत्र करते ते आम्ही सहामाहीच्या आधीच बघितलं. म्हणून कागद आम्ही माझ्या काकांच्या रद्दीच्या दुकानात पोचवतो. तिथून खरंच कारखान्यात जातो."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही इतकं मनापासून शिकवत होता. मामांनाही आम्हीच शपथ घातली होती."

संध्याकाळी मोठ्या बाईंना घेऊन मामांकडे गेले. उद्यापासून ते येतील. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच काळजीने विचारलं, "म्हणजे गाडीचं कळलं तुम्हाला? फार वाईट वाटलं का हो, बाई?"