बासिलियाबाईंनी न्हाऊ घातलेली किल्ली

एल आल्तो, मंगळवार

तीर्थरूप निकानोर मामा यांना भाचा लिंबर्त कालिसाया याचा, इथल्या थंडीतही टोपी काढून, नमस्कार.

सांता क्रूझच्या उकाड्यात तुमची तब्येत कशी आहे? पाठीवरचे घामोळे बसले का? आईने पाठवलेले वाळवलेले बटाटे पोचले की बसवाल्याने वाटेतच शिजवून खाल्ले, तेही कळवावे. इथे सर्व ठीक आहेत. आईचा गुडघा दुखतो, पण तिला त्याच्याबद्दल बोलायला आवडते, त्यामुळे तेही ठीकच म्हणायचे. हे सगळे फोनवर सांगता आले असते, परंतु फोनवर तुम्ही मध्येच हसू लागता आणि मग मी कुठवर आलो होतो ते मला आठवत नाही. कागद हसत नाही, म्हणून लिहितो आहे.

विषय गाडीच्या किल्लीचा आहे. (विषय नेलिदाचाही आहे, पण तो किल्लीतूनच निघतो, म्हणून क्रमाने सांगतो.) मी गाडी घेतली हे तुम्हाला ठाऊकच आहे. पांढरी, जपानहून आलेली, उजवीकडचे स्टिअरिंग काढून डावीकडे बसवलेली. तिच्यात किल्ली खुपसायला भोकच नाही. किल्ली म्हणजे वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीएवढा एक काळा तुकडा. तो खिशात असला की दार उघडते आणि बटण दाबल्यावर इंजिन सुरू होते. नसला, तर गाडीतली एक बाई जपानीत काहीतरी सांगते. काय सांगते ते अजून कळलेले नाही, पण सूर इतका समजावणीचा असतो की आपलेच चुकले असे वाटते. मी दर वेळी मनात तिची माफी मागतो.

आता नेलिदा. सेहाच्या बाजारात चीज विकणाऱ्या बासिलियाबाईंची ती धाकटी मुलगी. आम्ही दोघांनी लग्न करायचे ठरवले आहे. राहिल्या होत्या फक्त बासिलियाबाई. (फक्त हा शब्द मी खोडणार होतो.) त्यांचा होकार नसेल तर नेलिदा पाऊल उचलणार नाही, आणि त्यांच्याशी बोलायचे म्हटले की माझी जीभ टाळ्याला चिकटते. एकदा चीज घेताना मी काट्याकडे जरा जास्त वेळ पाहिले होते, तेव्हापासून त्या मला नावाने हाक मारत नाहीत, 'तो वजन बघणारा' म्हणतात. त्यांचे मन वळवायचे म्हणून मी फार विचार केला आणि मला एक युक्ती सुचली. गाडी सरोवराकाठच्या कोपाकाबानाच्या देवळासमोर आशीर्वादाला न्यायचीच होती, तेव्हा बासिलियाबाईंनाच गाडीची धर्ममाता होण्याची विनंती केली. एवढा मान कोण नाकारील? त्या लगेच हो म्हणाल्या आणि नवी हॅट घेतली. ही युक्ती मी नेलिदाला आधी सांगितली नाही, कारण तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता. धक्का बसला. ती एवढेच म्हणाली, "तू विचारलंस तरी कुणाला रे?" मला वाटले, आनंदाने म्हणते आहे.

रविवारी देवळासमोर गाड्यांची रांग लागली होती. आमच्या गाडीला ग्लॅडिओलसचे हार, रंगीत कागदाच्या माळा, टपावर फुलांची टोपली. फादरांनी बादलीतले पाणी कुंचल्याने शिंपडले आणि पुढे गेले. मग धर्ममातेचे काम. इतर धर्ममाता थोडी बियर जमिनीला, थोडी चाकांना देतात आणि उरलेली पितात. बासिलियाबाई काटकसरी आहेत असे लोक म्हणतात, पण ते चीजपुरतेच. त्यांनी जमिनीला दिली, चारही चाकांना दिली, बॉनेट उघडायला लावून इंजिनाला दिली, आत शिरून स्टिअरिंगला दिली आणि माझ्या आसनाला तर दोनदा दिली. (घरी येईपर्यंत मी ओल्यात बसलो होतो, पण ही तक्रार नाही.) मग त्यांनी विचारले, "किल्ली कुठंय? किल्लीला नाही पाजलं तर चोराच्या हाती जाते." मी ती ओंजळीत धरली. त्यांनी डोळे मिटून ओतली. फेस बटणांच्या फटींतून आत शिरताना मला दिसत होता, मामा, आणि मी हसत उभा होतो. होणाऱ्या सासूसमोर रुमाल काढून किल्ली पुसायची म्हणजे आशीर्वादच पुसून काढण्यासारखे झाले असते.

परतताना सरोवरातल्या तिकिनाच्या सामुद्रधुनीपर्यंत गाडी गुणी मुलासारखी चालली. तिथली रीत तुम्हाला माहीत आहे, गाडी तराफ्यावर आणि माणसे होडीतून. नेलिदा होडीने गेली. बासिलियाबाई गाडीतून उतरायला तयार होईनात. "बाप्तिस्म्याच्या दिवशी लेकराला एकटं पाण्यावर सोडतात होय?" असे म्हणून त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि वाऱ्याने हॅट उडू नये म्हणून ती मांडीवर घेतली. आमच्या मागे रेमिहिओ नावाच्या एका माणसाची कांद्याची व्हॅन चढली. पलीकडच्या काठाला तराफा लागला, मी बटण दाबले आणि जपानी बाई बोलू लागली. पुन्हा दाबले. तिने पुन्हा तेच सांगितले, तितक्याच शांतपणे. आमची गाडी पुढे अडकलेली, त्यामुळे कांद्याची व्हॅनही अडकलेली. स्टिअरिंगला कुलूप, चाके वळेनात, ढकलायची सोय नाही. नावाडी म्हणाला, "दादा, काठावर मुक्काम करायचा नाही, मागच्या तराफ्यावरची बस पाण्यात थांबलीय." आणि त्याने तराफा परत लोटला. काठावर उभी असलेली नेलिदा लहान लहान होत गेली. हातात तळलेल्या माशांची पुडी होती. तिने हात हलवला नाही.

अशा आम्ही किती फेऱ्या केल्या ते लिहीत नाही, कारण तुम्ही हसाल. पण किल्ली दुरुस्त करायला मी काय काय केले ते सांगतो. प्रथम बटण जोरात दाबले, मग हळू दाबले, मग न दाबता नुसते धरले. रेमिहिओ म्हणाला, "हनुवटीला लावून दाब, डोक्यात हवा असली की लांबवर पोचतं." मी लावून दाबले. तो म्हणाला, "बघ, पोचलं नाही, म्हणजे हवा नाही." किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून पाहिली, हाही एक उपाय आहे म्हणतात, पण स्टिअरिंग डावीकडे आणताना बटणामागचे काय काय उजवीकडेच राहिले ते कुणाला ठाऊक. मग बॅटरी गेली असेल असे ठरले. आता पाण्याच्या मधोमध बॅटरी कुठे मिळणार? बासिलियाबाईंनी पाठीवरचे गाठोडे सोडले. त्यातून त्यांचा तळहाताएवढा वजनकाटा निघाला. (दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास नाही म्हणून त्या तो देवालाही नेतात.) त्याच्या पोटातून चपटी, गोल, अगदी आपल्याच मापाची बॅटरी निघाली. ती देताना त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या की जणू मूत्रपिंडच काढून देत आहेत. मी ती उलटी बसवली. मग सुलटी बसवली. जपानी बाईचे म्हणणे तेच.

आणि इथे, मामा, माझे नशीब फिरले. वेळ जावा म्हणून रेमिहिओने विचारले, "ह्या बाई कोण तुझ्या?" मी म्हणालो, गाडीची धर्ममाता. "म्हणजे तुझी कोमाद्रे. आणि काठावरची ती, मासे खाणारी?" मी म्हणालो, यांची मुलगी. "तिच्याकडे बघून एवढा लाल का होतोस?" मी थंडी म्हणालो. रेमिहिओने कांद्याच्या पोत्यावर बैठक मारली आणि आख्ख्या सरोवराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अरे वेड्या, कोमाद्रे म्हणजे सख्ख्या बहिणीच्या वर. तिची पोरगी तुझी भाची झाली. तू तिचा मामा झालास. आमच्या गावात कोमाद्रेच्या पोरीकडे बघणाऱ्याला लामा जनावराचं डोकं उगवतं म्हणतात. कानाला हात लावून बघ."

मी हात लावून पाहिला. (कान नेहमीचेच होते.) गाडीची काच खाली होती हे मी वर लिहिलेच आहे. बासिलियाबाईंनी मांडीवरची हॅट उचलून डोक्यावर घातली. नेलिदाने "विचारलंस तरी कुणाला" का म्हटले ते मला त्या क्षणी समजले, तेही अशा जागी की जिथून पळून जायला फक्त पाणी होते.

थोड्या वेळाने बासिलियाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. "आण ती किल्ली. बियर देवीला चालली, धरणीमातेला कडक लागतं, ते राहिलंय, म्हणून रुसलीय." त्यांनी गाठोड्यातून शुद्ध अल्कोहोलची बाटली काढली, तीच, जिचा एक घोट देऊन तुम्ही मला लहानपणी रडवले होते. किल्ली उघडीच होती. बाटलीच्या झाकणात अल्कोहोल घेऊन त्यांनी आतली पट्टी त्यात बुडवली, काढली, पुन्हा बुडवली आणि तोंडाने काहीतरी पुटपुटल्या. ते धरणीमातेसाठी होते की माझ्यासाठी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. पट्टीवरून पिवळट चिकट काहीतरी सुटून आले. उन्हात धरली, बॅटरी घातली, बटण दाबले. गाडी सुरू झाली. जपानी बाई एक शब्द बोलली नाही. रेमिहिओने हॉर्न वाजवला, नावाड्याने टोपी पाण्यात टाकली आणि मग ती काढायला वाकला. मला रडू आले, पण आसन आधीच ओले होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आले नाही.

काठावरून नेलिदाला घेतले आणि घर गाठले. दारात उतरताना बासिलियाबाईंनी पहिल्यांदा मला नावाने हाक मारली. "लिंबर्त," त्या म्हणाल्या, "फादरांनी पाणी शिंपडलंय, ते परत बादलीत जात नाही. एक तर मी तुझी कोमाद्रे, नाहीतर पोरगी तुझी बायको. दोन्ही एका चुलीवर शिजणार नाही. विचार कर." तेव्हापासून विचारच करतो आहे. जेवण जात नाही. म्हणजे जाते, पण चव लागत नाही.

आईचा आशीर्वाद. उन्हात फिरू नका.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
लिंबर्त

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. मामा, माझी गाडी तुम्ही तुमच्या नावावर करून घ्याल का? गाडीचा मालक तो धर्ममातेचा कोंपाद्रे, म्हणजे मानलेला भाऊ, मी मग नुसता ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरने कुणाच्याही मुलीशी लग्न करावे. गाडी नावावर घेतेस का, असे आईला आधी विचारले होते. ती म्हणाली, बासिलियाची कोमाद्रे झाले तर चीज घेताना घासाघीस करता येणार नाही. लग्नाची बोलणी करायला घरातले वडीलधारे माणूस लागते, बाबा नाहीत, तेही तुम्हालाच करावे लागेल. गाडी चालते चांगली. किल्लीला मात्र दारूचा वास येतो.

ता. क. दुसरे. पाकीट चिकटवले होते, ते किटलीच्या वाफेवर धरून उघडले. आत्ताच नेलिदा येऊन सगळे सांगून गेली. गाडी निकानोर मामांच्या नावावर होणार, असे तिने आपल्या आईला सांगितले. बासिलियाबाई बराच वेळ चीज कापत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "निकानोर? तो बारीक मिश्यांचा? त्याची बायको जाऊन किती वर्षं झाली गं?" नेलिदाने सांगितले. "मग त्याला कोंपाद्रे नाही करायचा," त्या म्हणाल्या. "गाडी तू तुझ्या नावावर कर. तुझी आई तर मी आहेच, आणखी काय व्हायचंय." तेव्हा माझे जमले आहे, मामा. गाडी नेलिदाची झाली, किल्ली तिच्या खिशात गेली आणि मी फार सुखी आहे. वरची विनंती रद्द समजावी. गाडीच्या कागदांवर सही नको, तुम्ही स्वतः या, येत्या शनिवारच्या बसने. माझी बोलणी करायला तुम्ही येत आहात असे मी सगळ्यांना सांगितले आहे. तुमची बोलणी कुणी करायची ते अजून ठरलेले नाही. दुसरे कुणी नसेल तर मी करीन.