रिझवान पळाला नाही, सर

प्रिय सावंत सर,

परवाचा सामना हरल्यावर मी सवयीने तुमचा नंबर लावला. रिंग वाजायला लागली तेव्हा भानावर आलो. काकूंनी उचलला असता तर काय बोलणार होतो? घाईघाईने बंद केला. आता विचारायला दुसरं कुणी नाही, म्हणून लिहितोय.

तुम्ही गेल्यापासून आम्ही एकही सामना जिंकलेलो नाही. हे काय आहे, सर? चिपळूणला आमच्या कॉलेजच्या बेसबॉल टीमला तुम्हीच सांगायचात ना, "कोचच्या हातात काय असतं रे मेल्या? खेळतात नऊ पोरं. मी नुसता बाकावर बसून घाम पुसतो." मग रियाधच्या ज्या मैदानात तुम्ही कधी पाऊलही ठेवलं नाहीत, तिथे तुमच्यावाचून आमची अशी धूळधाण का व्हावी? खोटं बोललात तुम्ही!

दर गुरुवारी तुमचा फोन यायचा. मी पिचिंगचं विचारायचो, समोरच्या फिलिपिनो टीमचं सांगायचो, आणि तुमचं मध्येच, "रिझवानचा इकामा झाला का रे?" मी चिडायचो. टीममधल्या एका पोराच्या इथे राहण्याच्या परवान्याचं खेळात काय काम? सर आता भरकटायला लागले, असंही वाटायचं. शेवटच्या फोनवर तुम्हाला धाप लागत होती, तरी मी पिचिंगवरच अडलेलो. छातीत दुखत होतं तर सांगायचं नाही का? आणि मी तरी कधी विचारलं, सर तुम्ही कसे आहात?

परवा शेवटच्या इनिंगमध्ये रिझवानने मारलेला बॉल जमिनीवरून घासत गेला. आमची खोड तुम्हाला ठाऊक आहे. क्रिकेट अंगात मुरलेलं! फटका नीट बसला नाही की 'नो' ओरडायचं आणि बॅट टेकून उभं राहायचं. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळावंच लागतं, हे त्याला माझ्याइतकंच माहीत आहे. तरी तो उभा राहिला. त्यांनी आरामात बॉल पहिल्या बेसवर फेकला. खलास.

मी सगळ्यांसमोर त्याच्यावर तुटून पडलो. काय काय बोललो ते लिहवत नाही. तो शांतपणे म्हणाला, "सलीमभाय, तुमी कोच की मुकादम? मुकादम मला डेअरीत हाय." आणि टीम सोडून गेला.

मग बाकीच्यांनी सांगितलं. कफीलने, म्हणजे त्याच्या इथल्या मालकाने, त्याचा इकामा अजून अडकवून ठेवलाय, त्यामुळे त्याला सुट्टीवर जाता येत नाही. गावी त्याला मुलगी झालीय, तिला त्याने अजून उचलून घेतलेलं नाही. सगळ्या टीमला माहीत होतं, सर. एक मी सोडून!

आता आम्ही आठ उरलो. येत्या शुक्रवारी नववा नसेल तर वॉकओव्हर, आणि टीम लीगमधून बाद. पोरं म्हणतात, सोडा भाई, क्रिकेटच खेळू. तुम्ही फोनवरून उभी केलेली टीम माझ्या हातात बुडतेय. मला जमत नाहीये हो हे! इतकी घाई का केलीत?

तुम्हाला एक शब्द देतो. उद्या ड्युटी संपली की अल खर्जला त्याच्या खोलीवर जाणार आहे. माफी मागेन, मुलीचा फोटो बघेन, इकाम्यासाठी कुणाकडे जावं लागेल ते विचारीन. शुक्रवारचं नावही काढणार नाही. तो नाही आला तर आम्ही आठ जण मैदानात जाऊन वॉकओव्हर देऊ. आणि तिथून मी परत त्याच्याकडे जाईन.

तुमचा,
सलीम
अल मलाझ, रियाध