छत्तीस पाहुण्यांची छपरी

३ फेब्रुवारी
रिटायर होऊन तीन दिवस झाले. गडचिरोलीच्या ऑफिसात एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली, एक कागद हरवू दिला नाही. आता गावी, वडशापासून नऊ किलोमीटरवर, स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायचं. आजपासून रोजनिशी. आजपासून तंबाखूचा खर्रा बंद.

संघप्रियाने नकाशा पाठवला. मुलगी नागपूरला इंजिनिअर आहे, काम साफ. समोर तीस फूट रुंद छपरी, म्हणजे उघडी पडवी, आत दहा फूट खोल. मग बैठक बारा फूट. मागे जिना आणि बाथरूमच्या मधे स्वयंपाकघर, तेही बारा फूट. झोपायच्या खोल्या वर. नकाशा उत्तम. फक्त छपरी चुकली आहे.

६ फेब्रुवारी
छपरीचं कारण इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा असते, रात्री नाटक. सगळ्यांच्या घरी पाहुणे. आमच्या खानदानातले सगळे चुलतभाऊ त्यांच्यापैकीच धनराजकडे जमतात. मीसुद्धा. एकतीस वर्षं दुसरा अंक लागला की डोळे मिटायला लागतात म्हणून उठून धनराजच्या छपरीत जाऊन झोपतो. जागा ठरलेली, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ. पहाटे जाग येते तेव्हा छपरीत पाय ठेवायला जागा नसते, एवढी माणसं. आणि सगळी म्हणतात, मंडईला धनराजकडे होतो.

एकदा तरी कोणी म्हणावं, रामाजीकडे होतो. एवढंच मागणं आहे. फार नाही.

९ फेब्रुवारी
शास्त्रीय पद्धतीने हिशेब केला. झोपलेला माणूस सहा फूट लांब, अडीच फूट रुंद. तीस फुटांत एका ओळीत बारा जण. दहा फूट खोल छपरीत एकच ओळ बसते, उरलेले चार फूट वाया. तेरा केली तर दोन ओळी, चोवीस माणसं. वरचा एक फूट चपलांना.

बायकोला, गिरजाला, समजावून सांगितलं. तिचं म्हणणं, दहा फूट पुरे. वाढवायचे तीन फूट कुठून आणणार, हेही विचारलं. म्हटलं, स्वयंपाकघरातून. नऊ फूट म्हणजे काही लहान नाही. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. मूक संमती.

निर्णय: तेरा फूट. अंतिम.

१२ फेब्रुवारी
अयूब मिस्त्री वडशाहून आला. चुन्याने आखणी केली. हाताला वळण आहे. त्याच्या आग्रहाखातर अर्धा खर्रा. पाहुण्याचा मान ठेवावा लागतो.

१५ फेब्रुवारी
पाहुण्यांची यादी केली आणि एकेकाला फोन लावला. कोरपन्याचे साडू, ब्रह्मपुरीची मावसबहीण, आरमोरीचे पत्रूभाऊ. सगळ्यांना विचारलं, यंदा मंडईला येणार ना. सगळे म्हणाले, येतो ना भाऊ. एकूण एक्केचाळीस जण. एक्केचाळीस कन्फर्म.

चोवीसची सोय अपुरी पडणार.

१६ फेब्रुवारी
फेरविचार. बैठक बारा फूट कशाला? छपरी असताना बैठकीत बसणार कोण? चार फूट तिथून काढले. छपरी सतरा. अयूबने पाण्याने चुना पुसून परत आखणी केली.

१७ फेब्रुवारी
रात्रभर काहीतरी टोचत होतं. सकाळी कळलं. तीन ओळींना अठरा फूट लागतात. सतरा केली तर तिसऱ्या ओळीतल्या बारा जणांचे पाय एक फूट बाहेर. थंडीचे दिवस. पाहुण्यांचे पाय बाहेर ठेवणारं घर आमचं नाही.

छपरी एकवीस फूट. अठरा झोपायला, तीन चपलांना. स्वयंपाकघर पाच.

अयूबने दोरी धरून पाच फूट मोजले. मग म्हणाला, "भाऊ, पाच फुटात ओटा टाकला तं बाई बाहेर, अन बाई ठेवली तं ओटा बाहेर."

त्याला सांगितलं की आजकाल मॉड्युलर असतं. आखायला लागला. गिरजाने मात्र तेव्हा एकच विचारलं, मंडईच्या दिवशी चहाचा मोठा गंज, एवढं थोरलं पातेलं, कुठे चढवायचा. चहाचं काय ते बघू, असं मी म्हटलं. चहा ही दुय्यम बाब आहे. आधी माणसं यायला पाहिजेत.

संघप्रियाला नवीन मापं कळवली. तिने विचारलं, बाबा, घर राहिलं कुठे? मुलं हसरी असावीत.

खर्रा एक. टेन्शनमुळे.

२१ मे
घराचा स्लॅब झाला. छपरीवर पत्र्याच्या टिना टाकल्या. चौदा लोखंडी खांब. लांबून बघितलं, ऊर भरून आला. धनराज येऊन गेला. छपरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला आणि म्हणाला, मस्त हवा येते. जळतो आहे.

१४ जून
राहायला आलो. आधी बुद्धवंदना, मग जेवण. जेवण धनराजच्या घरून आलं, कारण आमच्या स्वयंपाकघरात गिरजा आणि तिची बहीण एकदम उभ्या राहू शकल्या नाहीत. शेजारधर्म अजून शिल्लक आहे.

२ जुलै
छपरीची कीर्ती पसरते आहे. आज सकाळी अकरा जण येऊन बसले. आग्रहाने पाणी दिलं. बोलणं रंगात आलं होतं, तेवढ्यात वडशाची साडेसातची एसटी आली आणि सगळे एकदम उठून गेले. काहीतरी काम असावं.

३ जुलै
सोळा जण. पाऊस होता. एसटीनेच गेले.

१९ जुलै
आता एसटी स्टॉपवर थांबतच नाही, थेट आमच्यासमोर थांबते. ड्रायव्हरलाही जागेची कदर आहे. एका म्हाताऱ्या बाईने मला विचारलं, नागपूरची गाडी किती वाजता. सांगितली. आवक-जावकचा अनुभव वाया जात नाही.

१२ ऑक्टोबर
मंडईची तारीख ठरली, एक नोव्हेंबर. वडशाची नाटक कंपनी पक्की. सगळ्यांना परत फोन केले. येतो ना भाऊ. यंदा मुक्काम आमच्याकडे, असंही आठवण करून दिलं. हो ना भाऊ.

३१ ऑक्टोबर
तयारी पूर्ण. बिछायत केंद्रातून छत्तीस गाद्या भाड्याने आणल्या. फरशीवर खडूने एक ते छत्तीस नंबर टाकले, म्हणजे भांडण नको. कन्फर्म एक्केचाळीस. उरलेले पाच बैठकीत. धनराजला सतरा नंबर दिला. खांबाच्या अगदी शेजारी. मुद्दाम नाही.

गिरजा दुपारपासून मोठा गंज घेऊन धनराजकडे गेली आहे. त्यांचं स्वयंपाकघर मोठं, तिथेच जेवण आणि चहा करणार म्हणाली. झोप इथेच आहे, हे तिला बजावून सांगितलं.

१ नोव्हेंबर, संध्याकाळ
मंडई भरली. पाहुणे आले, एक्केचाळीस नाही, त्रेपन्न. सगळ्यांनी येऊन छपरी बघितली. कोरपन्याच्या साडूंनी नंबरसुद्धा मोठ्याने वाचले. मग जेवायला धनराजकडे गेले. तिथून थेट नाटकाला. मी पुढच्या ओळीत जागा धरली आहे. आज माझा दिवस आहे.

२ नोव्हेंबर, सकाळ
दुसऱ्या अंकाला डोळे मिटायला लागले. छपरीत आलो. एक नंबरच्या गादीवर पडलो, मालक म्हणून. पाहुणे येतीलच, म्हणून दिवा चालू ठेवला.

साडेपाचला जाग आली. पस्तीस गाद्या जशाच्या तशा. चादरीची घडीसुद्धा मोडलेली नाही. थंडी कडक, तीन बाजूंनी वारा. कुठूनतरी हसण्याचे आवाज येत होते. गेलो.

धनराजच्या छपरीत सगळे. एकमेकांना चिकटून, ब्लँकेट पांघरून बसलेले, हातात पेले. नाटकातल्या सासूची नक्कल चालली होती. आत गिरजा मोठ्या गंजात चहा उकळत होती. मला बघून पत्रूभाऊ सरकले आणि जागा करून दिली. खुराड्याजवळ.

मी विचारलं, झोपायला का नाही आलात कोणी. गिरजाने पेला हातात दिला आणि हळूच म्हणाली, "नाटकाच्या रात्री कोण झोपते जी? नाटक सुटते पाचला. मंग लोकं चहाले येतात. तुम्ही दरसाल झोपून राहता, तुमाले कसं माहीत असन."

चहा चांगला होता. मला फार वाईट वाटलं, हे लिहून ठेवतो.

३ नोव्हेंबर
सगळे कालच साडेसातच्या गाडीने गेले. गाडी आमच्या छपरीसमोरूनच सुटली. कोरपन्याचे साडू खिडकीतून फोनवर कोणालातरी सांगत होते, मंडईला धनराजकडे होतो.

दुपारी टेप घेऊन धनराजची छपरी मोजली. नऊ बाय चौदा. खुराडा धरून.

५ नोव्हेंबर
गाद्या परत केल्या. खडूचे नंबर पुसले. सतरा जात नाही, फरशीत उतरला आहे.

अयूबला बोलावलं. स्वयंपाकघर पुढे आणायचं, बैठक पुढे सरकवायची. मापं गिरजा देणार. अयूबने विचारलं, छपरी किती ठेवू. मी टेप गिरजाच्या हातात दिला. गिरजाने उत्तर दिलं, दहा फूट पुरे.

खर्रा दोन.