आण्णांच्या कड्याचे वाळे

आबा, तुमी जेलात मेलात त्याला चाळीस वर्सं होऊन गेली. तुमच्या लेकीचं अक्षर कोंबडीच्या पायाचं, दुसरीपतूर शिकल्यालं, पर आज नातीच्या बारशासाठी पेटी उघडली न् तुमाला चार शब्द सुनवावंसं वाटलं. विंझरला आपलं भाताचं खाचर न् थोरल्या आण्णांचं खाचर, मधी एक बांध. आण्णा तुमचे सख्खे भाऊ, ना बायको ना पोर. थांबला असतात तर त्यांच्या मागं भात तुमचाच व्हता. पर दम कुठला! भाताची रोपं लावायचे, आवणीचे दिवस. मी भाकरी घेऊन बांधावर येते, तर तुमी त्यांच्या मानंवर गुडघा देऊन तोंड चिखलात दाबताय. एक हात हलतोय. मग हलत न्हाई. तुमी वर बघता न् म्हणता, "आण्णाला मिरगी आली गं." मिरगी म्हणं! जल्मात त्यांना कधी शिंकबी धड आली नव्हती.

दहाव्याला नदीवर तुमीच डोकं भादरून पुढं बसलात. पिंड देईल तो वारस, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाबी ठावं. कावळा चटदिशी शिवला न् गावानं हात जोडले. कावळ्याला काय, भात मिळाला. मग आण्णांच्या हातातलं चांदीचं कडं आटवून माझ्या पायात वाळे घातलेत. "तोंड उघडलंस तर बघ." मी नऊ वर्सांची. म्या आईला सांगितलं. ती पदर खोचून म्हणाली, "चल पाटलाकडं."

भोरच्या कोर्टात म्या बघितलं ते बोलले. जन्मठेप झाली. दुसरा असता तर मान खाली घालून बसला असता. तुमी जेलातून वकील लावलात, म्हणं, "पिंड म्या दिलाय, खाचर मला द्या!" न्यायाधीश म्हणाले, "ज्यानं मारलं त्याला मेलेल्याचं काही मिळायचं नाही. वारसात तो आधीच मेला असं धरायचं. त्याच्या नात्यानं बायकोपोरीलाही काही नाही." जित्या माणसाला कागदावर मारलं, न् कोण रडलंबी न्हाई. खाचर वरवे गावातल्या लांबच्या भावकीला गेलं. पुढच्या पावसाळ्यात आई न् मी त्याच चिखलात रोजावर आवणी करत व्हतो. भावकीतली बाई बांधावरनं म्हणाली, "सरळ लाव गं, आता हे तुझ्या नवऱ्याचं न्हाई."

आई वाकूनच म्हणाली, "व्हतं कवा?"

कोर्टानं वाळे मागितले तवा म्या एकच दिला. दुसरा कुठाय विचारलं. "नदीत पडला, सायेब." बापाच्या विरोधात खरं बोलल्याली पोर, तिच्यावर कोण संशय घेणार? तो चुलीमागं पुरला व्हता. आज नातीच्या पायाशी नेला न् परत पेटीत टाकला. एकटा वाळा घालता येत न्हाई, आण्णांचा म्हणून सोनाराला दावता येत न्हाई. हा कागद त्याच्याच खाली ठेवते, धाडायचा कुठं? वाळा नदीत टाकावा म्हणून दोनदा पुलापतूर गेले, दोनदा कनवटीला लावून माघारी आले. चांदी चांगली हाय, आबा.