ऋषीची भाजी आणि अर्धी भाकरी

ऋषिपंचमी, २००१. संध्याकाळ.

आज मामंजी दोन भाकऱ्या जेवले. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या ताटात अर्धी भाकरी रोज उरते. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, ह्यांनी समजावलं, काही फरक नाही.

आणि आज साधी ऋषीची भाजी. अळू, माठ, भेंडी, पडवळ, सुरण, मका, वाडीत मिळालं ते सगळं एका पातेल्यात, फोडणीसुद्धा नाही. तरी तीनदा मागून घेतली. कणसाचा तुकडा चोखत म्हणाले, "सुरण विहिरीकडचा ना गं?" किती दिवसांनी वाडीबद्दल बोलले.

म्हणजे भूक होती तर. रोज एकच भाजी करते मी. मामंजीच म्हणाले होते, "माझ्यासाठी घाट घालू नकोस, एक पुरे." वालीवला कामाला जाते, दमून येते, मलाही ते बरंच वाटलं. सासूबाई मात्र वाटी-वाटीभर का होईना, तीन तरी भाज्या वाढायच्या.

नुसता कंटाळा असेल? की एकच भाजी बघून, वाढणारी बदलली हे रोज नव्याने कळत असेल?

उद्यापासून दोन-तीन करीन, थोड्या थोड्या. विचारणार नाही, नकोच म्हणतील. तरीही अर्धी भाकरी उरली, तर ती सासूबाईंच्या वाटची समजेन आणि उचलून ठेवीन.